सील बदलण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नसेल. ती आहे मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधले ऑइलसील. बांगडीएवढी, काळ्या रबराची एक कडी. किंमत म्हणाल तर घरी चार पाहुणे आले तर त्यांच्या चहा-फराळाला लागतील तेवढे पैसे. पण ही कडी चुकली तर काय होते ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून आजचा विषय मीच मागून घेतला.

माझे स्पेअर पार्टचे दुकान कनेरगाव नाक्यावर आहे. हिंगोलीहून वाशीमकडे निघालात की पैनगंगा ओलांडण्याआधी आमचे गाव लागते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे गिऱ्हाईक येते. हमरस्ता आता चौपदरी झाला आहे, पण शेतकऱ्याची गाडी हमरस्त्यावर किती चालते? तिचे खरे आयुष्य जाते ते शेताच्या वाटेवर. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, पावसाळ्यात चाकाला चिकटून मडगार्ड जाम करणारी काळी माती. मागे दुधाच्या कॅन, पुढे टाकीवर खताचे पोते. एवढे सगळे धक्के सोसतात ते पुढचे दोन शॉकअप.

आधी हे शॉकअप काम कसे करतात ते पाहू. प्रत्येक बाजूला एक चकचकीत क्रोमचा पाइप असतो आणि तो खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत वरखाली सरकतो. त्या नळीला आम्ही बॉटम म्हणतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी खड्ड्यातून निघाल्यावर चेंडूसारखी उड्या मारत राहिली असती. आतले तेल बारीक छिद्रांतून ये-जा करते आणि त्या उड्यांना लगाम घालते. तेलाने दाबलेला असा पुढचा शॉकअप बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली विक्रीच्या मोटारसायकलला पहिल्यांदा बसवला. तीच मूळ कल्पना आज आपल्या शंभर सीसीच्या गाडीत आहे. आणि असे शॉकअप बनवण्याचे काम आता परक्या मुलखातच होते असेही नाही. आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एंड्युरन्स कंपनीत ते तयार होतात.

आता पाइप सरकणार, पण तेल बाहेर येता कामा नये. ही राखण ऑइलसील करते. त्याच्या आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ असतो. त्या ओठाभोवती केसासारख्या तारेची एक गोल स्प्रिंग असते. ती ओठाला पाइपवर हलके दाबून धरते. पाइप वर आला की ओठ त्याच्यावरचे तेल पुसून आत ठेवतो. आपण पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवून साय आत लोटतो, तसेच.

पूर्वी हे काम चामडे करायचे. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आपल्यापैकी अनेकांनी तेल लावून मऊ केला असेल. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या कंपनीने १९३० च्या दशकात स्प्रिंगवाले सील बाजारात आणले. ही कंपनी मुळात कातडी कमावणारी, त्यामुळे तिची सुरुवातीची सीलेही चामड्याचीच होती. पुढे तेलात न फुगणारे कृत्रिम रबर आले आणि चामडे मागे पडले.

असाच बदल आपल्या दारातही झाला. गावोगावचे हातपंप आठवा. त्यांच्या घडणीत जालना आणि सोलापूर या दोन गावांचा मोठा वाटा आहे. जालना पंप, त्यानंतर सोलापूर पंप आणि त्यावरून इंडिया मार्क टू, असा हा प्रवास. त्या पंपाच्या आत चामड्याचे वायसर होते. ते झिजले की पंप बंद आणि बायाबापड्यांची पाण्यासाठी पायपीट सुरू. १९८० च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि तिथे नायट्राइल रबराचे वायसर चामड्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात असे दिसून आले. वस्तू चार बोटांची, पण ती योग्य निवडली म्हणून गावाचे पाणी चालू राहिले. शॉकअपचे सीलही बहुतेक याच नायट्राइल रबराचे असते.

आता माझी गोष्ट सांगतो.

पलीकडच्या एका गावचे एक दूधवाले मामा रोज पहाटे आमच्या नाक्यावरून जायचे. गाडी जुनी शंभर सीसीची, पुढे ड्रम ब्रेक. एके दिवशी त्यांच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळायला लागले. मेकॅनिकने सील लिहून पाठवले. माझ्याकडे नेमके ते माप संपलेले होते. जवळचे माप होते. आतून बरोबर, बाहेरून अर्धा मिलिमीटर कमी. मी म्हणालो, ‘‘चालतंय. बाहेरून बॉण्ड लावून बसवा.’’ ते बसवले.

चौथ्या दिवशी मामा दुकानासमोर थांबले. म्हणाले, ‘‘शेठ, तेल अजून पाझरतंय बघा.’’

मी काउंटरवरून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, ‘‘मामा, नवं सील आहे. दोन-चार दिवसांत बसून जाईल.’’

श्रोतेहो, सील कधी ‘बसून’ जात नसते. गळणारे सील गळतच जाते. ते तेल बॉटमवरून ओघळत खाली ब्रेकप्लेटपर्यंत गेले आणि तिथून ड्रममध्ये शिरले. लायनरला तेल लागले. पुढे आठवड्याभरात, पुलाकडच्या उतारावर, मामांच्या आडवी म्हैस आली. त्यांनी ब्रेक दाबला. पुढचा ब्रेक लागलाच नाही. मामा पडले, खांद्याचे हाड मोडले, सगळे दूध रस्त्यावर गेले. हाड जुळेपर्यंत त्यांचा मुलगा शाळा बुडवून दूध घालत होता.

मी भेटायला गेलो. मला वाटले, मामा मला बोलतील. ते एवढेच म्हणाले, ‘‘शेठ, तुमच्याकडं माप नव्हतं, त्याचं काही नाही. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही उठून बघायला पाहिजे होतं.’’

त्यानंतर मी पहिली कोणती वस्तू घेतली असेल तर व्हर्निअर. तेव्हापासून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. तेल दिसले म्हणजे सीलच गेले असे समजू नका. कधी कधी ओठाखाली नुसता मातीचा कण अडकलेला असतो. वरचे डस्टसील हलके उचलून फोटोची जुनी निगेटिव्ह किंवा तसाच पातळ, गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा पाइप आणि सीलच्या मधून सावकाश फिरवला, तर कण बाहेर येतो आणि गळती थांबते. मात्र त्यानंतर पाइप कोरडा पुसून दोन दिवस लक्ष ठेवा. पुन्हा तेलाची ओली कडी दिसली तर सील बदलायचेच.

दुसरी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची. सील का गेले ते शोधा. पाइप स्वच्छ पुसा आणि त्याच्यावरून अंगठ्याचे नख वरून खाली फिरवा, सगळ्या बाजूंनी. नख कुठे अडले तर तिथे गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे. खताच्या पोत्यातली भुकटी आणि ओलावा एकत्र आले की क्रोमला खायला वेळ लागत नाही. असा खड्डा म्हणजे किसणीच. तुम्ही जगातले सर्वांत महाग सील आणा, ही किसणी ते कापणार. ‘गेल्याच महिन्यात सील टाकलं, परत गळतंय’ म्हणून जे गिऱ्हाईक येते, त्याचा पाइप आधी तपासायचा हे आता माझ्या हाताला वळण पडले आहे.

खड्डा पाइपच्या अगदी वरच्या भागात असेल, जिथे सील कधी पोचतच नाही, तर काळजी नाही. ओरखड्याची कड नुसती वर आली असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपरला तेल लावून ती बसवता येते. पण सरकण्याच्या जागेवर खोल खड्डे असतील तर पाइप नवा घ्या, किंवा जाणकाराकडून नीट क्रोम करून घ्या. काही जण पाइप फिरवून बसवतात, खड्डा मागच्या बाजूला नेतात. त्याचा फारसा उपयोग नाही. सील गोल आहे. खड्डा पुढे असो की मागे, ओठावरून जाणारच. आणि गाडी कुठे आपटलेली असेल तर पाइप वाकला आहे का तेही बघा. वाकडा पाइप सीलच्या एकाच बाजूला घासत राहतो.

तिसरी गोष्ट, माप. सीलच्या अंगावर तीन आकडे असतात. पहिला आतला व्यास, म्हणजे पाइपची जाडी. दुसरा बाहेरचा व्यास, म्हणजे बॉटममधली जागा. तिसरा उंची. समजा ३५, ४८, ११ असे लिहिले आहे, तर पाइप ३५ मिलिमीटरचा, बाहेरचा व्यास ४८ आणि उंची ११. तिन्ही जुळले पाहिजेत. आतून ढिले असेल तर तेल येईल, घट्ट असेल तर शॉकअप अडखळेल. बाहेरून लहान असेल तर काय होते ते मामांनी भोगले. उंची जास्त असेल तर वरचे लॉक खाचेत बसत नाही, कमी असेल तर सील आत हलत राहते.

नुसते गाडीचे नाव सांगून सील मागू नका. नाव तेच राहते आणि आतला सामान बदलतो. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. जुन्या गाडीचा पाइप ३५ मिलिमीटरचा होता, २०२१ साली आलेल्या नव्या गाडीचा ४१ चा आहे. म्हणून गाडीचे साल सांगा, आणि जमले तर जुने सील पिशवीत घालून आणा. फक्त जुने सील आधी कोणी चुकीचे टाकलेले नाही ना, एवढे सर्व्हिस पुस्तकातल्या किंवा कंपनीच्या पार्ट नंबरशी ताडून पाहा.

चौथी गोष्ट, वस्तूची पारख. सील हातात घ्या. आतला ओठ एकसारखा, धारदार आणि अखंड आहे का पाहा. तो नखाने हलका दाबा. दाबला की लगेच परत आला पाहिजे. रबर ताठर वाटले, बारीक भेगा दिसल्या, तर परत करा. मागची गोल स्प्रिंग गंजलेली किंवा सांध्यात सुटलेली नको. आम्ही दुकानदार पूर्वी सीलांच्या माळा करून दारात टांगायचो. गिऱ्हाइकाला दिसावे म्हणून. पण ऊन आणि हवा रबराला म्हातारे करतात. माझ्या दारातल्या माळा मी केव्हाच उतरवल्या. तुम्हीही उन्हात टांगलेले सील घेऊ नका. पाकिटातले, सावलीत ठेवलेले घ्या.

पाकिटावरून एक युक्ती सांगतो. हीरो होंडा ही कंपनी २०११ साली हीरो मोटोकॉर्प झाली. आमच्याकडे अजूनही गिऱ्हाईक ‘हीरो होंडाचं सील द्या’ म्हणते, आणि त्यात काही चूक नाही. पण पाकिटावरच जुने नाव छापलेले असेल तर विचार करा. एक तर तो माल दहा वर्षांपेक्षा जुना आहे, नाही तर नकली आहे. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

आता नेहमीचा प्रश्न. कंपनीचेच घ्यावे का? माझे उत्तर असे. कंपनीचे मिळाले तर डोळे झाकून नाही, पण पाकीट, किंमत, पार्ट नंबर पाहून घ्या. नाही मिळाले तर सील बनवणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या कारखान्याचे, माप अंगावर छापलेले घ्या. अंगावर ना नाव ना आकडा, असे सुटे सील कितीही स्वस्त मिळाले तरी नको. थोडे पैसे वाचतात, पण सील बसवायची मजुरी आणि तेल दोनदा भरावे लागते. हिशेब तुम्हीच करा.

पाचवी गोष्ट. एका बाजूचे गळले तरी दोन्ही बाजूंची सीले बदला. दोघांनी सारखेच खड्डे खाल्लेले असतात. एक आज गेले तर दुसरे रांगेत उभेच असते. सोबत वरची डस्टसीलेही नवी घ्या. ऑइलसील तेल आत ठेवते, डस्टसील माती बाहेर ठेवते. आपल्या भागात दुसरे फाटले की पहिले फार दिवस टिकत नाही.

तेलाचेही तसेच. शॉकअपचे तेल वेगळे मिळते. इंजिनमधून काढलेले, किंवा उरलेले इंजिन ऑइल त्यात ओतण्याची पद्धत आहे. ते घट्ट असते, शॉकअप दगडासारखा होतो आणि सगळे धक्के मनगटात येतात. तेल किती, ते सर्व्हिस पुस्तकात लिहिलेले असते. दोन्ही बाजूंना मोजून सारखे घाला. जास्त घातले तर आतला दाब वाढतो आणि नवे सीलही गळू शकते.

शेवटी बसवणे. हे काम मेकॅनिकचे, पण आपण शेजारी उभे राहायला हरकत नाही. स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. ओठाला आधी शॉकअपचेच तेल चोळायचे. पाइपच्या वरच्या टोकाची धार ओठाला कापू नये म्हणून त्याच्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून मग सील सरकवायचे. बॉटममध्ये ठोकताना स्क्रूड्रायव्हरने एकेका बाजूला ठोकायचे नाही. नव्यावर जुने सील ठेवून, योग्य मापाच्या नळीने सगळीकडून सारखे खाली न्यायचे. लॉक खाचेत पूर्ण बसले का ते बोटाने फिरवून पाहायचे. सील घट्ट व्हावे म्हणून आतली स्प्रिंग कापून लहान करण्याचा एक जुगाड आहे. तो कोणी करू लागला तर सरळ नाही म्हणा. ओठ जास्त घासतो आणि लवकर झिजतो.

आणि ब्रेक? तेल लायनरपर्यंत गेले असेल तर लायनर बदला. ते पेट्रोलने धुऊन, जाळून परत लावण्यात शहाणपण नाही, कारण तेल आत मुरलेले असते. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले किंवा एबीएस देणे बंधनकारक झाले, ते याचसाठी. पण तेलाने माखलेल्या लायनरपुढे कोणताही कायदा चालत नाही. डिस्क ब्रेकवाल्यांनीही निश्चिंत राहू नये, कारण त्यांचे कॅलिपरही शॉकअपच्या खालच्या टोकालाच असते.

एवढे करून सील टिकवायचे कसे? सोपे आहे. चिखलातून आलात की माती वाळण्याआधी पाइप ओल्या फडक्याने पुसा. वाळलेली माती घेऊन गाडी पुन्हा दबली की सील कापलेच म्हणून समजा. वॉशिंग सेंटरवर सांगा, पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारू नका, माती आत जाते. शेताच्या वाटेवर रोज जाणाऱ्यांनी पाइपवर रबरी बूट बसवले तर चांगले, फक्त ते फाटले की लगेच बदला. फाटक्या बुटात ओली माती साठते आणि पाइप आतल्या आत गंजतो.

दूधवाले मामा आता गाडी चालवत नाहीत. मुलगा दूध घालतो. अजून माझ्याच दुकानातून सामान नेतो. मागच्या पावसाळ्यात तो सील मागायला आला आणि नेमके तेच माप माझ्याकडे नव्हते. मी त्याला म्हणालो, ‘‘आज नाही. उद्या हिंगोलीहून मागवतो. तोवर गाडी उभी ठेव, दूध माझ्या गाडीवर घाल.’’ तो हसला. बापाला काय सांगितले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी कॅनसोबत माझ्यासाठी खरवसाचा डबा आला.

श्रोतेहो, तुमच्या गावात सगळेच माप सगळ्याच वेळी मिळेल असे नाही. नसेल तर एक दिवस थांबा. आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर गाडीचा पुढचा पाइप एकदा बोटाने पुसून बघा. बोटाला तेल लागले, तर ते ‘बसून’ जाईल असे कोणी सांगितले तरी ऐकू नका.